सुलाबाईने रस्ता झाडला

मल्हारी गाडी टाकून पळाला नाही. हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण त्या सकाळी सातपूर रस्त्यावर जमलेल्या निम्म्या लोकांनी तो पळाला असंच सांगितलं होतं.

एकोणऐंशी सालचा पौष महिना होता. नाशकात तेव्हा अशी थंडी पडायची की फावडं धरलेली बोटं सरळ व्हायला सूर्य वर यावा लागे. पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर मल्हारी ड्रायव्हर होता आणि मी, काळू, मागे कचरा भरणारा बिगारी. मल्हारीही आधी माझ्यासारखाच बिगारी होता. हातगाडी ओढता ओढता गॅरेजमध्ये गाड्या धुवायला लागला, धुता धुता चालवायला शिकला. आमच्या वस्तीत स्टेअरिंगला हात लावणारा तो पहिला माणूस. लायसन मिळालं त्या दिवशी त्याने सगळ्या गल्लीला जिलेबी वाटली होती.

त्याची बायको सुलाबाई पालिकेतच झाडूवर होती. जकात नाक्यापासून पुढच्या उंबराच्या वळणापर्यंतचा रस्ता तिच्याकडे होता. ती झाडून ढीग करायची, मग आमची गाडी मागून यायची आणि मी ढीग उचलायचो. तिला पाहून मल्हारी उगाच हॉर्न वाजवायचा. ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला म्हणायची, "काळूभाऊ, तुमच्या ड्रायव्हरला सांगा, रस्ता त्यांच्या सासऱ्याचा नाय."

"सासऱ्याच्या लेकीचा तर हाय ना?" मल्हारी खिडकीतून म्हणायचा.

असं आमचं रोजचं चालायचं.

त्या दिवशी धुकं होतं. सुलाबाईचं झाडणं मागे पडलं होतं, म्हणून आम्ही तिच्या पुढे निघून आधी पुढच्या रस्त्याचे ढीग उचलायला चाललो होतो. रस्त्याचं डागडुजीचं काम नुकतंच झालेलं, डांबरावर बारीक कच पसरलेली. सातपूरच्या कारखान्यांची पहिली पाळी भरायची वेळ, त्यामुळे सायकलींचे थवे चाललेले. मी मागे कचऱ्यात उभा होतो, तोंड मागच्या बाजूला. त्यामुळे पुढे काय घडलं ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

गाडीने एकदम गचका खाल्ला. मी कचऱ्यात तोंडावर पडलो. पत्र्यावर भरलेलं पोतं आपटावं तसा आवाज झाला, आणि मग इंजीन बंद पडलं. 

मी उडी मारून पुढे गेलो. सायकल गाडीच्या पुढच्या चाकाशी मुडपून पडली होती. पोरगा बाजूला, कचेवर. विशीतला असेल. मफलर सुटून बाजूला पडलेला, एकाच पायात चप्पल. डबा उघडून भाकरी लांब जाऊन पडली होती. डोक्याखालून रक्त पसरत होतं आणि त्या थंडीत त्याची वाफ निघत होती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे डोळे उघडे होते. त्याने मला विचारलं, "भोंगा झाला का?"

मी म्हटलं, "नाय झाला अजून."

"मग ठीक," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

मल्हारी खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. पण त्याच्या हातांनी काम सोडलं नव्हतं. त्याने दगड शोधला, गाडी सरकू नये म्हणून चाकाला ओट लावली. मग गाडीच्या मागे गेला, रस्त्याकडे बघत उभा राहिला आणि ओरडला, "काळू, रेघा बघ. ब्रेकच्या रेघा बघ. दोन्ही चाकांच्या माझ्या बाजूला हायेत. मी दाबला होता ब्रेक."

"रेघा काय बघतोस मर्दा, पोरगं बघ!" मी म्हणालो.

मी मान वळवली नाही. माझ्या मांडीवर ते डोकं होतं.

एव्हाना लोक जमले होते. "ड्रायव्हर कुठंय? ओढा साल्याला," असं मागून कुणीतरी म्हणत होतं. आमच्या गॅरेजमधले जुने ड्रायव्हर नवीन माणसाला एक गोष्ट न चुकता शिकवायचे. माणूस पडला की थांबायचं नाय. पळायचं, थेट चौकीत जाऊन बसायचं. गाडी सरकारची, हाडं आपली. आणि ऑफिसातले साहेब बरोबर उलट सांगायचे. गाडी हलवू नका, जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसाला बोलवा, पोलीस येईपर्यंत तिथल्या कशाला हात लावू नका. ड्रायव्हर लोक साहेबांपुढे मान हलवायचे आणि बाहेर आल्यावर हसायचे.

मल्हारीने साहेबांचं ऐकलं. दुधाचा एक टेम्पो आडवा होऊन थांबवला. पोराला आम्ही दोघांनी उचलून कॅनच्या मध्ये निजवलं. मला म्हणाला, "तू ह्याच्याबरोबर जा. मी हवालदाराला घेऊन येतो." कडेच्या चहावाल्याला म्हणाला, "शेट, लक्ष ठेवा. रस्त्याला कुणी हात लावायचा नाय. रस्ताच सांगंल काय झालं ते."

आणि तो चौकीकडे निघाला. गर्दी अंगावर येत होती म्हणून पाय उचलून चालला. ज्यांना त्याची फक्त पाठ दिसली ते म्हणाले, पळाला.

दवाखान्यात पोराला आत नेलं. खिशातल्या कारखान्याच्या पासावर नाव होतं, गोरक्ष, गाव सायखेडा. माझा सदरा त्याच्या रक्ताने पोटाला चिकटला होता. एका बाईने मला नळावर जायला सांगितलं. मी गेलो नाही. मला वाटत होतं, आधी परत जावं, मल्हारीला सांगावं की पोरगं जिवंत आहे, तोंडाशी श्वास आहे.

एका सायकलवाल्याने मला मागे बसवून आणलं. उंबराच्या वळणावर उतरलो तर समोरून मल्हारी आणि हवालदार येत होते. मल्हारी हवालदाराला हात करून काहीतरी समजावून सांगत होता. मग त्याचा हात तसाच हवेत राहिला.

गाडी होती तिथेच उभी होती. चाकाला ओट होती. मुडपलेली सायकल बाजूला नीट उभी करून ठेवली होती. आणि रस्ता स्वच्छ होता. ओला, काळाभोर, सणाच्या दिवशी अंगण असावं तसा. कच नव्हती, काच नव्हती, भाकरी नव्हती, रक्ताचा थेंब नव्हता. धुकं विरून ऊन पडायला लागलं होतं आणि तेवढा तुकडा चकाकत होता.

सुलाबाई गाडीला टेकून उभी होती. हातात झाडू, लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत भिजलेला. तिची नजर मल्हारीवर गेली. झाडू हातातून गळला. ती जागच्या जागी खाली बसली, ओल्या रस्त्यावर.

"तुम्ही हायेत?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही हायेत?"

तिला वाटलं होतं ते रक्त त्याचं आहे. नाक्याकडून झाडत झाडत ती आली तेव्हा गाडी होती, गाडीवर कुणी नव्हतं आणि रस्त्यावर ते सांडलेलं होतं. पाळीवाले भोंग्याच्या भीतीने पांगले होते. उरलेल्यांपैकी एक म्हणाला ड्रायव्हर पळाला. दुसरा म्हणाला, कसला पळतोय, लोकांनी तुडवला. सायकल, चप्पल दुसऱ्या कुणाची होती, पण रक्त मल्हारीचंच असं तिने धरलं. चहावाला गिऱ्हाइकांत होता. ती कुणाला काय विचारणार? तिने झाडू उचलला.

हवालदाराने विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. रस्ता माझाय."

"तुझा? आणि तू ह्या ड्रायव्हरची कोण?"

सुलाबाईने मल्हारीकडे बघितलं. "मालक हायेत माझे."

गर्दीतून एकाने शीळ घातली. "घ्या! नवरा उडवतो आणि बायको पुसते. पालिकेचं काम एकदम झकास."

लोक हसले. माझ्या अंगावर ते रक्त होतं आणि लोक हसत होते, ते मला अजून आठवतं.

मल्हारी बायकोला एक शब्द बोलला नाही. तो गाडीच्या मागे गेला आणि उकिडवा बसून हाताच्या पंजाने डांबर चाचपायला लागला, अंधारात पडलेली किल्ली शोधावी तसा. "इथं होत्या," तो म्हणाला. "साहेब, इथून सुरू झाल्या होत्या."

"काय होत्या?"

"रेघा. ब्रेकच्या."

हवालदार वाकून बघून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाबा, जे दिसतंय ते मी लिहितो. मला काही दिसत नाही."

पंचनाम्यात त्याने तसंच लिहिलं. रस्ता झाडून धुतलेला आढळला, चाकांच्या खुणा आढळल्या नाहीत. मला वाचून दाखवलं आणि मी त्याखाली अंगठा लावला. खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोरक्ष वारला.

मल्हारीला पोलिसांनी नेलं, मग जामिनावर सोडलं. पालिकेने त्याला घरी बसवलं. गॅरेजमधले जुने ड्रायव्हर त्याच्या तोंडावर काही बोलले नाहीत, पण मला म्हणायचे, "काय काळू, थांबला ना तुझा शहाणा? काय मिळालं थांबून? पळाला असता तर निदान बायको तरी ह्यात अडकली नसती." 

मल्हारी घरात भिंतीला टेकून बसायचा. मी गेलो की एकच बोलणं.

"काळू, तू बघितल्या होत्यास ना?"

"नाय रे. मी पोराकडं बघत होतो."

"मी तुला हाक मारली होती."

"मारली होतीस."

"मग वळून का नाय बघितलंस?"

 चार दिवसांनी त्याचं बोलणं बदललं. तो म्हणाला, "मी तरी बघितल्या का रे? का बघितल्या असं मला वाटलं?" ते ऐकून मी अपघाताच्या वेळेपेक्षा जास्त हबकलो. सुलाबाई चुलीशी बसली होती. तिने भाकरी उलथली नाही. ती जळून गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

चौकशी पालिकेच्या ऑफिसात ठरली. त्या दिवशी सकाळी आम्ही जिन्याखाली उभे होतो. मी, मल्हारी, सुलाबाई आणि आमचा मुकादम जयराम. जयराम तोंडाने फटकळ, पण माणसांना धरून असायचा. त्याची रात्रभर झोप झाली नव्हती हे दिसत होतं. रस्त्यावर काही सांडलेलं असलं, मेलेलं जनावर असलं, तर माझी वाट बघू नका, आधी उचला, चुना टाका, असं त्यानेच सगळ्या बायकांना शिकवलं होतं.

तो म्हणाला, "सुला, नीट ऐक. झाडायच्या आधी तो रस्ता डोळ्यानं बघणारी तू एकटी हायेस. चहावाला म्हणतो मी आत होतो. हा काळू म्हणतो माझं तोंड तिकडं होतं. मग राहिलं कोण? तू. साहेब विचारतील, खुणा होत्या का? तू म्हणायचं, होत्या, दोन लांब रेघा होत्या, डाव्या बाजूला. एवढं एक वाक्य. मग मल्हारीची नोकरीबी राहते आणि तुरुंगबी टळतो."

"पण मी नाय बघितल्या, दादा."

"अगं, तू नाय बघितल्या, पण होत्या ना! खऱ्यालाच खरं म्हणायचंय."

सुलाबाईने नवऱ्याकडे बघितलं. तो जिन्याचा कठडा धरून उभा होता.  मग हळूच म्हणाला, "होत्या सुला. देवाशपथ होत्या." मल्हारी देव मानत नव्हता. त्याच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि बाबासाहेबांची. पण त्या वेळी त्याच्या तोंडून तेच निघालं.

वर गेलो. साहेब टेबलामागे होते, बाजूला तो हवालदार. आणि दाराजवळ जमिनीवर एक बाई बसली होती. कुंकू ठसठशीत, हात कामाने काळवंडलेले, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. खुर्ची दिली होती, तिच्यावर तिचा भाऊ बसला होता. गोरक्षची आई होती ती, लंकाबाई. सायखेड्याहून पहिल्या गाडीने आली होती. भावाचं नाव देवराम. साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की पालिकेने आपल्या माणसाला पाठीशी घातलं.

तिला आत बघून जयराम माझ्या कानात म्हणाला, "मेलो."

साहेबांनी आधी मला विचारलं. मी जे होतं ते सांगितलं. पोराने भोंग्याचं विचारलं तेही सांगितलं. लंकाबाईने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "त्याला एकदा उशीर झाला होता. तेव्हा परत पाठवलं होतं त्याला." मग परत मान खाली घातली.  साहेबांनी पाणी मागवलं आणि आलं तरी प्यायले नाहीत.

मग सुलाबाईला पुढे बोलावलं.

"तू रस्ता का धुतलास?"

"कुत्री आली होती."

"काय?"

"दोन कुत्री आली होती, साहेब. वास काढत. मी एकाला दगड मारला, ते गेलं आणि दुसरं आलं. मला वाटलं ह्यांचं रक्त हाय. माणसाचं रक्त हाय, कुत्र्यानं चाटायचं का? आणि लोक त्याच्यावरनं सायकली घालत होते. मग मी कडेची सुकी माती आणून टाकली, सुपलीनं भरली आणि मग झाडलं. चहावाल्याच्या हॉटेलाबाहेरच्या पिंपातनं दोन बादल्या पाणी आणून धुतलं."

देवराम खुर्चीतून उठला. "ऐकलं का साहेब? आपल्या तोंडानं सांगते. नवऱ्याला वाचवायला सगळं गटारात घातलं हिनं. माझ्या भाच्याच्या रक्ताला हिनं हात लावला आणि कचऱ्यात—"

"कचऱ्यात नाय घातलं," सुलाबाई म्हणाली.

"मग कुठं घातलं?" हे लंकाबाईने विचारलं.

"उंबराखाली. खड्डा केला आणि त्यात ठेवलं. डबा, चप्पल, मफलर चहावाल्याकडं बांधून ठेवलंय. भाकरी चिमण्यांना टाकली, माई. ती उचलून ठेवता येण्यासारखी नव्हती."

"वरून पाणी घातलं का?"

"घातलं."

 देवराम अजून उभाच होता. लंकाबाई त्याला म्हणाली, "खाली बस. हात लावला म्हणतोस, तर त्या वेळी आपल्यातलं कोण होतं तिथं हात लावायला?"

देवराम बसला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग सुलाबाईला म्हणाले, "आता मी विचारतो ते नीट आठवून सांग. तुझा नवरा म्हणतो की त्याने वेळेवर ब्रेक दाबला, त्याच्या खुणा कचेवर होत्या आणि गाडी आपल्या बाजूला होती. त्या खुणा आता नाहीत. त्याची नोकरी, कदाचित तुरुंग, तुझ्या उत्तरावर अवलंबून आहे. झाडायच्या आधी तुला चाकांच्या खुणा दिसल्या का?"

जयराम खोकला. मल्हारीने डोळे मिटले. मी सुलाबाईच्या पायांकडे बघत होतो, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं. तिच्या पायाचा अंगठा फरशीवर घासत होता.

तिने साहेबांकडे बघितलं नाही, नवऱ्याकडेही नाही. ती त्या बाईकडे बघत होती. ती बाईही तिच्याकडे.

"नाय बघितल्या," सुलाबाई म्हणाली.

"म्हणजे नव्हत्या!" देवराम म्हणाला.

"नव्हत्या असं नाय म्हणत मी. मी बघितल्या नाय. मला रक्त सोडून काय दिसतच नव्हतं. मला वाटलं, गेले माझे मालक. रेघा असतील. माझ्या झाडूखाली गेल्या असतील. पण मी बघितल्या नाय, तर बघितल्या कशा म्हणू? ह्या माईंच्या समोर कशा म्हणू?"

"लिहा," देवराम हवालदाराला म्हणाला. "नव्हत्या, असं लिहा."

"गप रे देवराम," लंकाबाई म्हणाली. "ती नव्हत्या म्हणली का? नाय बघितल्या म्हणली. तेच लिहा." ती भिंतीचा आधार घेऊन उठली. साहेबांना म्हणाली, "ह्या बाईवर माझी काही तक्रार नाय. झाडलं ते बरं केलं. मी असते तर हेच केलं असतं. ड्रायव्हरचं मला माहीत नाय. तो खरा का खोटा, ते तुम्ही बघा. मला त्याच्याकडं बघवत नाय."

आणि खरंच तिने मल्हारीकडे एकदाही बघितलं नाही. मल्हारी मात्र ती दाराबाहेर जाईपर्यंत हात जोडून उभा होता.

पुरावा नाहीसा केल्याचा जो ठपका सुलाबाईवर येणार होता, तो तिथेच मिटला. मल्हारीचं मात्र साहेबांनी सांगून टाकलं. कोर्टात निकाल लागेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, परत बिगारी, झाडूवर. खटला पुढे बरीच वर्षं रेंगाळला. मधल्या काळात पालिकेची महापालिका झाली, साहेब बदलले, शेवटी पुराव्याअभावी तो सुटला. पुराव्याअभावी म्हणजे काय, हे त्याने मला तेव्हा विचारलं होतं. मी म्हटलं, सुटलास म्हणजे झालं. तो म्हणाला, "नाय काळू. त्याचा अर्थ असा की कुणालाच माहीत नाय."

पण मला सांगायचं आहे ते चौकशीच्या दुसऱ्या दिवसाचं.

जिना उतरून घरी जाताना ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. मल्हारी पुढे, ती बरीच मागे. जयराम मला म्हणाला, "हा आज तिला मारतो बघ." मीही घाबरलो होतो. एका वाक्याने नोकरी वाचली असती. दुसरा कुणी असता तर त्याने घरात काय केलं असतं, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

जयरामाने मल्हारीला सुलाबाईच्याच रस्त्यावर टाकलं. दुसरीकडे ड्रायव्हर लोकांनी त्याला टोमणे मारून जगू दिलं नसतं, म्हणून. मी नव्या ड्रायव्हरबरोबर गाडीवर होतो. गाडी थांबली आणि मी ढीग भरायला उतरलो तर ती दोघं समोर होती. ती रस्त्याच्या एका अंगाला, तो दुसऱ्या अंगाला. तिच्या तोंडावर मारल्याची खूण नव्हती. मल्हारीचा झाडू चुकीचा चालला होता, वाऱ्याच्या उलट, धूळ सगळी त्याच्याच पायांवर येत होती. तिने बघितलं, पण सांगितलं नाही.

झाडत झाडत ती दोघं अपघाताच्या जागेवर आली. दोघंही थांबली नाहीत. मी फावडं हळू चालवायला लागलो. कान त्यांच्याकडे होते, खोटं कशाला बोलू?

मल्हारी रस्त्याकडे बघतच म्हणाला, "सुला, खरंच नाय बघितल्या?"

"नाय."

"आणि बघितल्या असत्या तर?"

"तर सांगितलं असतं, होत्या म्हणून."

तो चार हात झाडत पुढे गेला. मग झाडू थांबवून तिच्याकडे वळला. त्या दिवसापासून पहिल्यांदा तो तिच्याकडे सरळ बघत होता.

"आणि तू नीट बघितलं असतंस आणि रेघा नसत्याच तर?"

सुलाबाईचा झाडू थांबला. सायकलवाले तिच्या दोन्ही बाजूंनी घंटी वाजवत निघाले होते.  मला वाटलं, आता तरी ही बाई त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलेल. एवढं तर कुणीही बोलतं.

"तेबी सांगितलं असतं," ती म्हणाली.

 मल्हारीने मान हलवली, हो म्हणावं तशी, आणि वाकून तिने केलेला ढीग माझ्या पाटीत भरायला हात लावला.